आई-बाबांना घेऊन डेन्व्हर ते यलोस्टोन

२०२४च्या ऑगस्टमध्ये आम्ही सहा जण, म्हणजे साताऱ्याहून आलेले आई, बाबा, आम्ही दोघं आणि दोन मुलं, अमेरिकेत आम्ही राहतो त्या डेन्व्हरहून गाडीने निघालो आणि रॉकी माउंटन, ग्रँड टीटन, यलोस्टोन ही तीन राष्ट्रीय उद्यानं बघून परत आलो. आई तेव्हा ६७ वर्षांची, गुडघ्यांनी बेजार. बाबा ७१चे, रक्तदाबाची गोळी रोज. निघण्याआधी मी कितीतरी रात्री जागून माहिती शोधत होते. बारा हजार फुटांवर या वयाची माणसं नेली तर त्रास होईल का, रस्त्यात दुखणं उपटलं तर जायचं कुठे, शुद्ध शाकाहारी आईने खायचं काय, याची उत्तरं एका जागी कुठेच मिळाली नाहीत. उन्हाळा जवळ आला की आता मैत्रिणी मला हेच विचारतात. म्हणून सगळं क्रमाने लिहून काढते आहे.

तयारीची सुरुवात खरं तर व्हिसापासून झाली. मुंबईत पर्यटक व्हिसाच्या मुलाखतीसाठी तेव्हा वर्षाहून जास्त थांबावं लागत होतं. व्हिसाचा डीएस-१६० हा अर्ज मी इथून भरला, माणशी १६० डॉलर शुल्क भरलं आणि मिळेल ती तारीख घेतली. आदल्या दिवशी बोटांचे ठसे, दुसऱ्या दिवशी वांद्र्याला बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत मुलाखत. साताऱ्याहून जाऊन-येऊन करण्यापेक्षा आई-बाबा ठाण्याला मावशीकडे राहिले, ते बरं झालं. मुलाखत जेमतेम तीन-चार मिनिटांची. बाबांना विचारलं, काय काम करत होता? "एसटीत ड्रायव्हर, सातारा डेपो." मग मुलगी कुठे असते, किती दिवस राहणार, आणि व्हिसा मंजूर. सोबत नेलेल्या फायलीतला एकही कागद कुणी मागितला नाही. तरी फाईल न्याच. हातात असली की आई-वडिलांना धीर राहतो.

तिकिटं मुद्दाम जूनची काढली. डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे, त्यामुळे डोंगरात जायच्या आधी दोन महिने त्यांचं शरीर इथल्या विरळ हवेला सरावेल असा हिशोब होता. समुद्रसपाटीच्या शहरातून विमानाने येऊन दुसऱ्याच दिवशी डोंगरावर चढणाऱ्यांना डोकेदुखी आणि मळमळ होताना मी पाहिली आहे. साताऱ्याच्या आमच्या डॉक्टरांशी व्हिडिओ कॉलवर बोललो. त्यांनी गोळ्या बदलल्या नाहीत. पाणी भरपूर प्यायला सांगितलं, मुक्काम हळूहळू उंचावर न्यायला सांगितलं आणि दम लागला तर थांबून न राहता खाली उतरायला सांगितलं. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घेतलं, २५ डॉलरचं.

विम्याचं जरा नीट सांगते, कारण इथे घाई करून चालत नाही. आई-वडिलांचा प्रवासविमा घेताना आधीपासूनच्या आजाराने अचानक उचल खाल्ली तर खर्च मिळतो का, हे कलम शोधून वाचा. वयाची सत्तरी ओलांडली की बहुतेक योजनांत हप्ता वाढतो आणि मिळणारी रक्कम कमी होते. आम्हाला दोघांचा तीन महिन्यांचा विमा ९०० डॉलरच्या आसपास पडला. कार्डाची प्रत, पासपोर्टची प्रत, आय-९४चा (अमेरिकेत प्रवेश केल्याच्या नोंदीचा) कागद आणि रोजच्या गोळ्यांची इंग्रजीत लिहिलेली यादी असं एक पाकीट गाडीच्या कप्प्यात, आणि त्याचीच दुसरी प्रत आईच्या पर्समध्ये.

यलोस्टोनच्या आतल्या खोल्यांचं बुकिंग वर्षभरापेक्षाही आधी खुलं होतं. आमच्या हातात व्हिसा आला तोवर ऑगस्टच्या खोल्या संपल्या होत्या. पण लोक बेत बदलतात आणि रद्द झालेल्या खोल्या पुन्हा संकेतस्थळावर दिसू लागतात. मार्चपासून सकाळच्या चहाबरोबर मी रोज तेच बघत असे. एप्रिलच्या अखेरीस यलोस्टोन तळ्याकाठच्या वस्तीत शेजारशेजारच्या दोन केबिनी मिळाल्या, एका रात्रीला प्रत्येकी अडीचशे डॉलरच्या वर. दर पाहून नवरा थबकला. उद्यानाबाहेर स्वस्त पडलं असतं. मी आतच राहायचं म्हणून हटून बसले, त्याला कारण होतं. यलोस्टोनमध्ये मॅमथ, ओल्ड फेथफुल आणि तळ्याकाठी अशा तीन ठिकाणी दवाखाने आहेत आणि तळ्याकाठचा दवाखाना आमच्या केबिनीपासून हाकेच्या अंतरावर होता. शिवाय बाहेरून रोज ये-जा केली की दोन-तीन तास गाडीतच जातात. आईच्या गुडघ्यांना ते झेपणारं नव्हतं.

प्रवेशाचा खर्च आमचा वाचला तो मुलीमुळे. अमेरिकेत चौथीत शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला 'एव्हरी किड आउटडोअर्स' हा पास मोफत मिळतो आणि त्यावर गाडीतल्या सगळ्यांना राष्ट्रीय उद्यानांत प्रवेश असतो. सप्टेंबरपासून पुढच्या ३१ ऑगस्टपर्यंत तो चालतो, म्हणजे चौथी संपल्यानंतरची पूर्ण उन्हाळी सुट्टी हातात राहते. मुलाने संकेतस्थळावर छोटासा खेळ खेळायचा आणि मिळालेला पास कागदावर छापायचा. फोनवरचं चित्र तेव्हा दाराशी चालत नव्हतं, छापील कागदच लागायचा. तेव्हा यलोस्टोन आणि ग्रँड टीटनला गाडीमागे ३५ डॉलर पडत आणि सगळ्या उद्यानांचा वार्षिक पास ८० डॉलरला होता.

रॉकी माउंटनला मात्र पास असूनही वेळेचं परमिट वेगळं काढावं लागतं. ऑगस्टची परमिटं १ जुलैला सकाळी ८ वाजता खुली झाली, शुल्क २ डॉलर. त्यात दोन प्रकार होते. बेअर लेकचा रस्ता धरून असलेलं परमिट पहाटे ५ ते संध्याकाळी ६ या वेळेसाठी, आणि उरलेल्या उद्यानाचं सकाळी ९ ते दुपारी २ या वेळेसाठी. आम्हाला ट्रेल रिज रोड हा उंचावरचा घाटरस्ता हवा होता, म्हणून दुसरं घेतलं. ज्यांना मिळालं नाही त्यांनी निराश होऊ नये. काही परमिटं आदल्या संध्याकाळी ७ वाजता पुन्हा सोडतात आणि या दुसऱ्या भागात ९च्या आधी शिरलात तर परमिट लागतच नाही.

निघायच्या सकाळी भाड्याच्या गाडीने दोन तास खोळंबा केला. सात आसनी गाडी महिनाभर आधी सांगून ठेवली होती, पण काउंटरवर गेलो तर ती अजून आलेलीच नव्हती, पाच आसनी घ्या म्हणाले. आम्ही थांबलो. ताब्यात घेताना बाबांनी गाडीभोवती फेरी मारली, चारही टायरांची झीज अंगठ्याने चाचपून पाहिली, जॅक आणि स्टेपनी कुठे आहे ते विचारलं आणि ब्रेक दाबून बघायला लावला. काउंटरवरचा पोरगा कौतुकाने बघत राहिला. ३४ वर्षं एसटी चालवलेल्या माणसाची ती सवय आहे. भाड्याची गाडी घेताना हे पाच मिनिटांचं काम सगळ्यांनीच करावं.

पहिला मुक्काम एस्टेस पार्कला, साडेसात हजार फुटांवर. जुलैच्या अखेरीस लव्हलँडच्या पश्चिमेला मोठा वणवा लागला होता, त्यामुळे आम्ही त्या बाजूला न जाता लायन्सवरून ३६ क्रमांकाच्या रस्त्याने गेलो. हवेत थोडा जळका वास होता. तिथे मुद्दाम एक पूर्ण दिवस काही न करता घालवला. आई-बाबा नदीकाठी बाकावर बसले, मुलं दगडांवर खेळली. हा मोकळा दिवस कापायचा मोह होतो. कापू नका. दुसऱ्या दिवशी त्याची किंमत कळते.

ट्रेल रिज रोड १९३२ साली खुला झाला. एस्टेस पार्क ते ग्रँड लेक ४८ मैल, सर्वांत उंच जागा १२,१८३ फूट, आणि त्यातले अकरा मैल झाडांच्या रेषेच्याही वर. दुपारी तिथे वीज कडाडते म्हणून आम्ही सकाळीच चढायला लागलो. नवरा चालवत होता, बाबा शेजारी. रस्ता रुंद आणि गुळगुळीत आहे, पण बऱ्याच वळणांवर कठडा नाही आणि खाली खोल दरी. कडेला उंच काठ्या रोवलेल्या दिसतात. बर्फ काढणाऱ्या यंत्रांना रस्त्याची कड कळावी म्हणून त्या असतात. बाबा बराच वेळ काहीच बोलले नाहीत. पसरणी, केळघर, खंबाटकी हे घाट त्यांनी पावसात, धुक्यात, रात्री-अपरात्री चालवलेत. एका वळणावर म्हणाले, "आखणी चांगली केलीय. वळणाच्या आधी चढ कमी केलाय बघा."

वर टुंड्रातल्या पायवाटेवर मुलांना घेऊन मी थोडी चालून आले. झाड एकही नाही. जमिनीला चिकटून वाढलेली बोटभर उंचीची झुडपं, त्यांची पानं ऑगस्टमध्येच लाल व्हायला लागलेली. वाट सोडून पाऊल टाकू नका अशी पाटी जागोजागी आहे, कारण इथे तुडवलेलं रोप पुन्हा उभं राहायला कित्येक वर्षं लागतात. कासच्या पठारावर गर्दीने फुलं तुडवलेली आम्ही सगळ्यांनी पाहिली आहेत, त्यामुळे धाकट्यालाही ते लगेच पटलं. अल्पाइन व्हिजिटर सेंटरला, ११,७९६ फुटांवर, आईचं डोकं जड झालं. ऑक्सिमीटर ८८ दाखवत होतं. तिला पाणी दिलं, स्वच्छतागृहाला जाऊन आलो आणि लगेच उतरायला लागलो. खालच्या झाडीत पोचलो तोवर आकडा ९२वर आला आणि आईने पिशवीतून चिवडा काढला.

उतारावर बाबा पहिल्यांदा नवऱ्याला म्हणाले, "जावईबापू, गाडी गिअरवर उतरवा, ब्रेकवर नको." ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गिअर धरता येतो, हे नवऱ्याला माहीत होतं पण त्याने ते कधी वापरलं नव्हतं. दांडा सरकवून त्याने गिअर बदलला, इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी आपोआप धरली गेली. आमच्या पुढे एक गाडी सतत लाल दिवे लावत उतरत होती. बाबांनी काच खाली केली आणि वास घेऊन सांगितलं, "लायनर जळतायत त्याचे." पुढच्याच थांब्यावर ती गाडी उभी होती आणि चाकातून धूर येत होता. इकडच्या डोंगरात गाडी चालवणार असाल तर ही एक गोष्ट घरून शिकून निघा.

मिल्नर पास या खिंडीत, १०,७५९ फुटांवर, खंडाची पाणलोट रेषा आहे. एका बाजूचं पाणी अटलांटिककडे, दुसऱ्या बाजूचं कोलोरॅडो नदीतून पॅसिफिकच्या दिशेने. पाटी वाचून दाखवली तर आई म्हणाली, "महाबळेश्वरासारखंच की. कृष्णा इकडे, सावित्री तिकडे." मुलांनी तिला कृष्णा कुठे जाते ते विचारलं आणि पुढचा तासभर गाडीत पंचगंगेच्या देवळाची गोष्ट चालली.

ग्रँड लेकच्या मुक्कामानंतरचा दिवस लांबचा होता. वॉल्डन, सॅराटोगा, रॉलिन्स करत लँडर, तीनशे मैलांच्या वर. या रस्त्यावर तासन् तास फोनला रेंज नसते आणि पेट्रोल पंप लांब लांब असतात. टाकी अर्धी झाली की भरायची, हा बाबांचा नियम आम्ही पाळला. नकाशे आधीच फोनवर उतरवून घेतले होते. रॉलिन्सच्या पुढे सगळं माळरान, लांबवर हरणांसारख्या प्रॉन्गहॉर्नचे कळप. मुलं झोपली, आईने जपमाळ काढली. लँडर पुरतं एवढंच सांगते की दीडशे डॉलरच्या साध्या मोटेलमध्ये मायक्रोवेव्ह आणि फ्रिज होता आणि त्या रात्री आम्ही घरून करून नेलेल्या दशम्या दह्याबरोबर खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी टोग्वोटी पास ही खिंड ओलांडली आणि टीटनचे डोंगर समोर आले. मी फोटो पाहिलेले होते, तरी गाडीत सगळे एकदम गप्प झाले. सपाट मैदान, आणि मैदानातून थेट सुमारे सात हजार फूट वर गेलेले सुळके. बाबांनी विचारलं, "याला पायथ्याच्या टेकड्या का नाहीत?" हाच प्रश्न त्यांनी व्हिजिटर सेंटरमधल्या रेंजर बाईंना विचारायला लावला आणि मी दुभाषी झाले. त्यांनी टेबलावर दोन तळहात शेजारी धरून दाखवलं. जमिनीतल्या भेगेच्या एका बाजूला डोंगर वर उचलला गेला, दुसऱ्या बाजूला दरी खाली बसली, आणि हे सगळं गेल्या एक कोटी वर्षांच्या आतलं, म्हणजे डोंगर म्हणून फार तरुण. आपला सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा, पायरी-पायरीचा. हे ऐकल्यापासून बाबा प्रत्येक सुळक्याकडे थर दिसतात का ते बघत होते.

जेनी लेकला होडीने पलीकडे जाता येतं. तिथून हिडन फॉल्स अर्धाच मैल आहे, पण वाट दगडांची आणि चढाची. आई काठावरच थांबली, बाबाही तिच्याबरोबर. त्यांच्यासाठी घडीच्या दोन खुर्च्या डेन्व्हरच्या दुकानातून घेतल्या होत्या, २० डॉलरला एक. पूर्ण प्रवासात यापेक्षा उपयोगी वस्तू दुसरी नव्हती. आम्ही परत आलो तर दोघं तळ्याकाठी थर्मासमधला चहा पीत बसले होते आणि शेजारच्या एका आजीबाईंशी खाणाखुणांनी गप्पा चालल्या होत्या. वयस्कर माणसांना प्रत्येक ठिकाणी फरपटत नेण्याची गरज नसते. एक चांगली जागा, सावली, जवळ स्वच्छतागृह आणि दोन तास मोकळे दिले, तर ती जागा त्यांना आपल्यापेक्षा जास्त बघायला मिळते. बाबांनी त्या दोन तासांत एक टकलू गरुड दोनदा मासा उचलताना पाहिला. आम्हाला सबंध प्रवासात तो दिसला नाही.

जेवणाचं इथेच सांगते. केबिनीत शिजवायला परवानगी नव्हती. पिकनिकच्या जागांवर मात्र गॅसची शेगडी चालते. आम्ही दोन बर्नरची शेगडी, तीन लिटरचा कुकर आणि डाळ-तांदूळ समप्रमाणात मिसळून, हळद-हिंग-मीठ घातलेल्या पिशव्या नेल्या होत्या. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ शिजतच नाही, म्हणून कुकर हवाच. घरी तीन शिट्ट्या लागतात, तिथे पाच दिल्या. अस्वलांमुळे अन्नाचे नियम कडक आहेत. टेबलावर काही ठेवून दोन पावलंही लांब जायचं नाही, खरकटं अस्वलाला न उघडणाऱ्या लोखंडी कचरापेटीतच टाकायचं, उरलेलं सगळं गाडीत बंद. अस्वलावर मारायचा फवाराही घेतला होता, पन्नास डॉलरच्या आसपास. तो वापरायची वेळ आली नाही. विमानाने येणाऱ्यांनी तो इथे येऊनच घ्यावा, विमानात कुठल्याही सामानात तो चालत नाही.

यलोस्टोन हे जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १ मार्च १८७२ रोजी स्थापन झालेलं. आतला मुख्य रस्ता इंग्रजी आठच्या आकाराचा, १४२ मैलांचा. नकाशावर तो दोन दिवसांचा वाटतो. वेगमर्यादा ४५ मैल, त्यात रस्त्यावर बायसन, म्हणजे गव्यांसारखे इथले रानबैल, आले की अर्धा तास कुठे गेला कळत नाही. आम्ही रोज आठातल्या एकाच तुकड्यात फिरायचं ठरवलं आणि दुपारी आईला केबिनीत आडवं व्हायला आणायचं.

ओल्ड फेथफुल हा उकळत्या पाण्याचा झरा साधारण दीड तासाने उसळतो. पुढची वेळ व्हिजिटर सेंटरमध्ये लिहिलेली असते, दहा मिनिटं इकडे-तिकडे. तिथे लाकडी फळ्यांची वाट सपाट आहे, चाकाची खुर्ची जाते. आईसाठी आम्ही डेन्व्हरहूनच खुर्ची भाड्याने आणली होती. आधी तिला ते आवडलं नव्हतं. इथे मात्र ती स्वतःहून बसली, कारण खुर्चीवर बसून तिला अख्खा परिसर बघता आला. तिने दापोलीजवळच्या उन्हवऱ्याच्या कुंडात पाय सोडून बसल्याची आठवण काढली. इथल्या पाण्याला हात लावायचा नाही, हे तिला समजावून सांगितलं. या उंचीवर पाणी ९३ अंशांना उकळतं, आणि कित्येक झऱ्यांचं पाणी त्याच्या जवळपास असतं. फळ्यांच्या बाहेरची जमीन वरून पांढरी, टणक दिसते, पण खाली पापुद्रा असतो आणि त्याखाली उकळतं पाणी. माणसं त्यात पडून दगावलेली आहेत. आमच्या आधी काही आठवडे, २३ जुलैला, बिस्किट बेसिनमध्ये एका तळ्याचा स्फोट होऊन चिखल आणि दगड उंच उडाले आणि लाकडी वाट मोडली. कुणाला इजा झाली नाही. तो भाग आम्ही गेलो तेव्हा बंदच होता. धाकट्याचा हात त्या दिवसभर कुणी ना कुणी धरून ठेवला होता. लहान मूल बरोबर असेल तर ही जबाबदारी पाळीपाळीने नावानिशी वाटून घ्या.

ग्रँड प्रिझमॅटिक या रंगीत गरम झऱ्याला सकाळी नऊनंतर गाडी लावायला जागा मिळत नाही. आम्ही संध्याकाळी पाचनंतर गेलो, जागा लगेच मिळाली.

मुलांना ज्युनियर रेंजरचं पुस्तक घेऊन द्या. यलोस्टोनला ते ३ डॉलरला होतं. त्यातली कामं पुरी करून रेंजरला दाखवली की ते शपथ घ्यायला लावतात आणि बिल्ला देतात. आमच्या मुलीने त्यासाठी बाबांची मुलाखत घेतली, विषय 'प्राणी आणि माणूस यांनी अंतर का ठेवावं'. अंतराचा नियम सोपा आहे. बायसन आणि एल्क (मोठ्या जातीचं हरीण) यांच्यापासून २५ यार्ड, अस्वल आणि लांडग्यापासून १०० यार्ड.

हेडन व्हॅलीत त्या नियमाचा अर्थ कळला. ऑगस्ट हा बायसनच्या माजाचा काळ. रस्त्यावर गाड्या थांबल्या होत्या, आम्ही इंजिन बंद करून काचा लावून बसलो. कळप दोन्ही बाजूंनी रस्ता ओलांडत होता. एक नर आईच्या खिडकीला लागूनच उभा राहिला. डोकं एवढं मोठं की काचेतून त्याचा एकच डोळा आणि कपाळावरची मातीने माखलेली लोकर दिसत होती. मग त्याने आवाज काढला. घुमणारा, खोल, गाडीचा पत्रा थरथरेल असा. काचेवर त्याच्या श्वासाची वाफ धरली. आईने माझा हात घट्ट धरला आणि हळूच म्हणाली, "किती दमलंय गं ते." बाबांनी कोयनेच्या रानात रात्री रस्त्यात उभे राहिलेले गवे पाहिलेले. ते म्हणाले, "हॉर्न नाही, दिवा नाही. तो जाईल तेव्हा जाईल." सुमारे पंचवीस मिनिटांनी तो गेला.

परतताना आम्ही पूर्वेच्या दाराने कोडीकडे उतरलो आणि दक्षिणेला थर्मोपोलिस या गरम झऱ्यांच्या गावी थांबलो, ते आईसाठी. १८९६ मध्ये शोशोनी आणि अरापाहो लोकांनी हे झरे सरकारला दिले, तेव्हा लोकांना पाणी मोफत वापरता यावं ही बोली होती. म्हणून तिथलं सरकारी स्नानगृह आजही फुकट आहे. एका वेळी वीस मिनिटं, पाणी सोसेल इतकं कोमट करून सोडलेलं. आईकडे पोहण्याचे कपडे नव्हते, ते तिथे भाड्याने मिळाले, पण तिला ते घालायचे नव्हते. तिने काठावर बसून नुसते पाय सोडले तर चालेल का, असं मी तिथल्या माणसांना विचारलं. त्यांनी हो म्हटलं. वीस मिनिटांनी ती उठली आणि गाडीपर्यंत माझा हात न धरता चालत गेली.

खर्च विचारणाऱ्यांसाठी: गाडीचं भाडं आणि तिचा विमा मिळून तेराशे डॉलर, पेट्रोल अडीचशेच्या आत, कारण वायोमिंगमध्ये गॅलनला साडेतीन डॉलरच्या आसपास होतं. सर्वांत मोठा आकडा राहण्याचा. जेवणाचा खर्च शेगडीमुळे किरकोळ झाला.

आणि आता जाणाऱ्यांनी एक बदल लक्षात ठेवा. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेबाहेर राहणाऱ्या पाहुण्यांसाठी वार्षिक पास २५० डॉलरचा झाला आहे, इथल्या रहिवाशांना तो ८०लाच मिळतो. वार्षिक पास नसेल तर रॉकी माउंटन, ग्रँड टीटन आणि यलोस्टोन धरून अकरा उद्यानांत १६ वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येक परदेशी पाहुण्याला नेहमीच्या शुल्काखेरीज १०० डॉलर पडतात. आई-वडील भारतातून येणार असतील तर मुक्कामाच्या आधी हा हिशोब करा, उद्यानाच्या संकेतस्थळावर तुमच्या गाडीतल्या माणसांना कोणता पास लागू होतो ते वाचा, आणि दाराशी दाखवायचे ओळखीचे कागद त्या गाडीतल्या पाकिटातच ठेवा.